धर्मसेवक घडतो कोठे?

नाताळच्या दिवसांत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील ख्रिस्ती घरांवर चांदणीचे कंदील लागतात. ह्या घरांचा पूर्वेतिहास विचारावा, असे मात्र फार थोड्यांच्या मनात येते. जुन्या चांदा शहरी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल पंथाचे मिशन आले. दक्षिणेस सिरोंच्याकडे अमेरिकन मेथॉडिस्टांनी ठाणे केले. त्या मिशनऱ्यांस कोणी देवदूत ठरविले, कोणी कपटी म्हटले. आम्हांस ह्या दोन्ही टोकांहून वेगळा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. परक्या गावी जाऊन देवाचे नाव सांगणारा तरुण घडवावा कसा आणि त्यास घडविणाऱ्याने स्वतः राहावे कसे?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा नव्हे. आज गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या आमच्या अरण्यातील गावांत नाना पंथांचे तरुण जात असतात. कोणाच्या हाती क्रूस असतो, कोणाच्या हाती हनुमंताची तसबीर. त्यांपैकी कितीजणांस गावची भाषा येते, कितीजणांस गावच्या पेनाचे नाव ठाऊक असते, हे कोणी विचारीत नाही. म्हणूनच पूर्वसूरींचा अनुभव तपासला पाहिजे. मग तो आपल्या पंथाचा असो वा नसो.

महाराष्ट्रात ह्या अनुभवाचा मोठा साठा आहे तो तेव्हाच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली नगरास त्यांचे ठाणे झाले. ह्याच मिशनमध्ये रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ साली आले आणि १८५४ साली मायदेशाच्या सागरप्रवासात वारले. त्यांच्या मागे मुलांना घेऊन आई अमेरिकेस गेली. परंतु १८४७ साली मुंबईत जन्मलेला मुलगा, रॉबर्ट ॲलन ह्यूम, शिक्षण पुरे करून १८७४ साली पुन्हा ह्याच भूमीत परतला. नगरच्या ठाण्यात राहून त्याने १८७८ साली ख्रिस्ती सेवक तयार करणारी धर्मशाळा, म्हणजे थिऑलॉजिकल सेमिनरी, काढली आणि पुढे सुमारे अर्धशतक ती वाहिली. त्याचा धाकटा भाऊ एडवर्ड मुंबईस भायखळ्याची शाळा चालवी. कन्या रूथ डॉक्टर होऊन नगरास आली आणि तिने रुग्णालय उभारले. नगरजवळच्या वडाळ्याच्या फेअरबँक घराण्यातील केटी ही ह्यूमसाहेबांची दुसरी पत्नी. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे बिऱ्हाड होते. दौऱ्यावर आलेल्या उपदेशकाचा तो मुक्काम नव्हता.

संस्कृताच्या अभ्यासकास ह्या मिशनची आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. एबेनेझर बर्जेस हे मिशनरी शाळांसाठी ज्योतिषाचे मराठी पुस्तक करावयास बसले आणि त्या निमित्ताने आपल्या ज्योतिषशास्त्रात शिरले. त्यांचे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर १८६० साली प्रसिद्ध झाले. ह्यूम घराण्यातीलच रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम ह्यांनी तेरा प्रमुख उपनिषदांचे भाषांतर १९२१ साली छापले. शिकवावयास आलेला मनुष्य शिकावयास बसला की काय होते, त्याची ही साक्ष आहे.

रॉबर्ट ॲलन ह्यूमांवर ह्या देशातील वास्तव्याचा ठसा किती खोल उमटला होता, हे १८८६ साली अमेरिकेत दिसून आले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव जिवंतपणी आलेच नाही, त्यांस मरणोत्तरही संधी मिळू शकेल, ह्या मताची त्यांनी उघड पाठराखण केली. एवढ्यावरून त्यांच्या मंडळाने त्यांचे हिंदुस्थानास परतणे काही काळ रोखून धरले. ज्यांच्या शेजारी आपण राहिलो त्यांचे वाडवडील सरसकट नरकात गेले, असे म्हणणे त्या गृहस्थास जड गेले असावे, असे आम्हांस वाटते.

ह्याच सेमिनरीत नारायण वामन टिळक अध्यापक झाले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणस्थ ब्राह्मण कवी मिशनमध्ये आला, तो अभंग-ओवीचे आपले धन संगे घेऊन. नगरकडे कृष्णराव सांगळे ह्यांनी त्यापूर्वीच ख्रिस्तकथा कीर्तनाच्या साच्यात घातली होती. पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान, टाळ-चिपळ्यांची साथ हे सारे नारदांच्या गादीचे. कथा मात्र बेथलेहेमची. आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहींस ह्याचा राग येतो. आम्हांस त्यात कीर्तनाचा विजय दिसतो. परदेशी उपदेशाचे व्याख्यान ज्या श्रोत्यांपुढे निष्फळ ठरले, त्यांच्यापुढे मराठी मातीची कला उभी राहिली.

आता दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ह्यूम ह्यांनी अन्नदानाचे आणि अनाथसंगोपनाचे मोठे काम केले आणि सरकारने त्यांस कैसर-इ-हिंदचे सुवर्णपदक दिले. पण त्याच काळात अनेकजण ख्रिस्ती झाले. पोटात आग पेटली असता घेतलेला धर्माचा निर्णय कितीसा मोकळा म्हणावा? हीच शंका पुढे आमच्या भागातही उठली. चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना, १९५४ साली, त्या सरकारने नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी ह्यांची समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने, धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू अशा परदेशी मिशनऱ्यांस परत पाठवावे, असे सुचविले. ख्रिस्ती समाजाने त्या अहवालास एकतर्फी म्हटले. वाद अजून मिटलेला नाही.

तो मिटविण्याचे सामर्थ्य आमच्याकडे नाही. परंतु कसोटी एक सापडते आणि ती टिळकांच्याच घरात. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून दिसणारे ते बिऱ्हाड म्हणजे अखंड वर्दळ: विद्यार्थी, अनाथ, पाहुणे, आणि रिकाम्या डब्यांशी झुंजणारी गृहिणी. त्याच घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी, मुलासारखे राहिले. टिळकांकडून त्यांनी काव्याचा संस्कार घेतला, लक्ष्मीबाईंची माया घेतली. धर्म मात्र बदलला नाही आणि त्यापायी त्यांच्या पानावरची भाकरी कमी झाली नाही. आमच्या मते त्या घराचे खरे मोठेपण हे आहे. ज्या घरातून मनुष्य आपला देव घेऊनच परत जाऊ शकतो, तेच घर धर्मसेवक घडविण्यास लायक समजावे. जेथे भाकरीला अट चिकटते, तेथे प्रचारक निपजतील, सेवक निपजणार नाहीत.

ही कसोटी आम्ही फक्त क्रूसाला लावीत नाही. आमच्या मंदिरसंस्था अन्नछत्रे चालवितात, वसतिगृहे काढतात. तेथील आदिवासी मुलास आपला पेन, आपले गाणे, आपली भाषा घेऊन परतता येते काय? मार्कंड्याच्या महाशिवरात्रीस अरण्यातून भाविकांचे थवे येतात. त्यांच्यापुढे शुद्ध मराठीत शिवलीला गावयाची आणि त्यांची कथा एकदाही ऐकावयाची नाही, हा कोठला न्याय? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी गोंडांच्या लिंगोचे गीत प्रधान गायकाकडून मिळवून लिहून ठेवले. १८६३ साली टाकळघाटाहून परतताना ते पुरात बुडाले आणि १८६६ साली त्यांचे कागद रिचर्ड टेंपल ह्यांनी छापून काढले. लिंगोची कथा त्या छापील रूपात एका परदेशी धर्मप्रसारकाच्या कागदांतून जगापुढे यावी आणि आमच्या पाठशाळांत तिचे नावही निघू नये, ह्याचा विचार व्हावयास हवा.

आमची सूचना साधी आहे. जो तरुण अरण्यात देवाचे नाव सांगावयास निघेल, त्याने प्रथम वर्षभर तेथील एखाद्या घरी राहावे, गोंडी किंवा माडिया शिकावी, त्यांची कथा तोंडपाठ करावी; मग आपली सांगावी. पाठविणाऱ्या संस्थेने त्याचे यश धर्मांतरांच्या वा दीक्षांच्या आकड्यांनी मोजू नये. हा नेम पाद्र्यास लागू, तसाच बुवालाही.

नाताळ हा एका प्रवासी कुटुंबास परक्या गावी मिळालेल्या आसऱ्याचा सण आहे. गोठ्याच्या धन्याने त्यांस त्यांचा देव विचारल्याचे त्या कथेत कोठेही येत नाही. आमच्या ख्रिस्ती बांधवांस ह्या सणाच्या शुभेच्छा देताना, ही एवढी आठवण सर्वांनीच जागी ठेवावी, अशी आमची विनंती आहे.