विश्लेषण : पर्यटक आले म्हणून जंगल वाचते का?

पावसाळा सुरू झाला की आंबोली घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. सह्याद्रीत जागोजागी ‘इको’ नावाची रिसॉर्ट उभी राहत आहेत. या गर्दीतून जंगलाला काय मिळते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. त्याचे एक उत्तर याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाकडे, केरळमधील पेरियारच्या वर्षावनात मिळते.

पेरियारमध्ये काय घडले?

पेरियार हा ९२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प. तेथील ‘वायना’ या दालचिनीच्या कुळातील झाडाची साल चोरून विकणाऱ्या टोळ्या वन खात्याची डोकेदुखी होत्या. १९९६ मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने पेरियारसह देशातील सात संरक्षित जंगलांसाठी परिसर विकास प्रकल्प आखला गेला. त्यातून सालचोरांपुढे पर्याय ठेवण्यात आला : चोरी सोडा, जंगल राखा. त्यांची समिती झाली आणि तेच पर्यटकांना पायी जंगल दाखवणारे वाटाडे झाले. चोरवाटा त्यांना तोंडपाठ होत्या. त्यामुळे प्रत्येक फेरी ही गस्तही ठरू लागली.

हे टिकले कशामुळे?

पर्यटनाचा पैसा तिऱ्हाईत ठेकेदाराच्या खिशात न जाता स्थानिक समित्यांपर्यंत पोहोचला. मन्नान आणि पळियन आदिवासींनाही या कामांत वाटा मिळाला. परिसरातील महिलांची ‘वसंत सेना’ तर वेतन न घेता जंगलात गस्त घालते. परदेशी मदतीचा प्रकल्प संपल्यावर काम थांबू नये, म्हणून पेरियार प्रतिष्ठान स्थापन झाले. व्याघ्र प्रकल्पांसाठी अशा प्रतिष्ठानाची तरतूद २००६च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यातच करण्यात आली.

मग धोका कुठे आहे?

पर्यटन हा लहरी धंदा आहे. करोनाकाळात तो एका रात्रीत बंद पडला. केवळ पर्यटकांवर पोट असलेल्या गावाला अशा वेळी पुन्हा कुऱ्हाड उचलण्याचा मोह होऊ शकतो. म्हणून शेती, मध, मसाले यांची जोड हवीच. दुसरा धोका गर्दीचा. पेरियारच्याच जलाशयात २००९ मध्ये पर्यटकांची बोट उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. जंगलाची आणि व्यवस्थेची क्षमता न पाहता माणसे आणली, तर ‘निसर्ग पर्यटन’ ही केवळ पाटी उरते.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत पेरियार आहे, तसेच कोयना, चांदोली, राधानगरी आणि कासही आहेत. कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकसंख्येवर मर्यादा असते आणि व्यवस्थापनात भोवतालच्या गावांची समिती असते. हे सूत्र सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यांतही लागू व्हायला हवे. रिसॉर्टला परवानगी देण्याआधी गावाचा वाटा लेखी ठरवला पाहिजे, तिकिटाच्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत मांडला पाहिजे. जंगल तोडून ज्याची चूल पेटू शकते, त्याची चूल जंगल राखूनही पेटली पाहिजे. एरवी पर्यटक परत जातात, कचरा मागे राहतो आणि राखणदार उपाशीच राहतो.