पोशाख हवा, संस्कार नकोत

सुपरहिरोच्या पूर्वायुष्यावर मालिका येणार असे अमेरिकेत जाहीर झाले, की तेथील चाहतावर्ग प्रथम विचारतो : पोशाख केव्हा चढणार, खलनायक कोणते? नायक घडला कसा, हा खरा विषय. त्याची वास्तपुस्त क्वचितच होते.

२००१ साली 'स्मॉलव्हिल' सुरू करताना निर्मात्यांनी बंधन घालून घेतले होते – पोशाख नाही, उड्डाण नाही. म्हणूनच कॅन्ससच्या शेतावर दत्तक मुलाला वाढविणारे जोनाथन व मार्था केंट हे दांपत्य कथेच्या केंद्रस्थानी आले. अचाट बळ क्लार्कला जन्मतःच लाभले होते. ते कोठे आवरायचे, हे त्या शेतकरी बापाने शिकविले. दहा पर्वे आणि २१७ भागांनंतर २०११ मध्ये मालिका संपली, तेव्हा अनेक चाहते रुष्ट झाले. कारण काय, तर पोशाख धड दिसला नाही!

२०१४ च्या 'गॉथम'ने निराळा हट्ट पुरविला. मातापित्यांची हत्या डोळ्यांदेखत पाहिलेला ब्रूस वारंवार मागे पडला. पेंग्विन, रिडलर यांचे रक्तरंजित उद्योग मात्र रंगले. जोकर कोण, या तर्ककुतर्कांत प्रेक्षक वर्षानुवर्षे गुंगले. (बॅटमॅनचे दर्शन तेथेही अखेरच्याच भागात!)

जिजाऊंपासून शिवचरित्र ऐकणाऱ्या घराला ही घाई परकी वाटावी. पण या मालिका आता आपल्याही घरांत पाहिल्या जातात. नव्या मालिकेत खलनायक किती, असे मुलाने विचारले, तर वडीलधाऱ्यांनी त्याला आधी नायकाच्या आईबापांची नावे विचारावीत.