संमती कोणाची? बारा तासांच्या पाळीचा इतिहास



सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, तिमाहीतील जादा काम मात्र ११५ वरून १४४ तासांपर्यंत नेता येईल आणि त्यासाठी कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात आले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर ज्यांची चूल पेटते, त्यांनी यामागचा इतिहास जाणून घ्यावा.

वसाहतकाळात येथील कापूस लँकशायरला जाई आणि तेथील कापड येथे विकले जाई. त्या स्वस्त कापडापुढे आपला हातमाग विणकर हतबल झाला. पुढे मुंबईच्या गिरण्या स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकांना हिंदी मजुरांचा कळवळा आला. त्यात स्वार्थही होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने संरक्षण दिले ते केवळ बालकांना. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली ती १९११ साली. १९४८ मध्ये ती ९ तासांवर आली.

रविवारची सुट्टीही कोणी दान दिलेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने कामगाराने कठोर अटी पत्करल्या, तर तो करार मुक्त नसून कामगार अन्यायाचा बळी ठरतो, अशी त्यांची शिकवण आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच विश्वपत्राचे स्मरण केले.

आजचा प्रश्न तोच आहे. उद्या कामावर घेतील की नाही, याची शाश्वती नसलेल्या कंत्राटी कामगाराची सही ही खरोखर संमती असते काय? उद्योग वाढावेत, रोजगार मिळावा, याविषयी दुमत नाही. परंतु बारा तास राबून घरी परतणाऱ्या पित्याला मुलांसह प्रार्थनेला बसण्याचे त्राण उरेल काय? आपल्यापैकी जे उद्योजक, ठेकेदार वा पर्यवेक्षक आहेत, त्यांनी सहीसाठी कागद पुढे करण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा.