केडगावचे शिष्यत्व

रविवारची उपासना चुकवली नाही की शिष्यत्व पार पडले, असे मानणाऱ्या आपल्या ख्रिस्ती घरांनी पंडिता रमाबाईंच्या केडगावकडे पुन्हा एकदा नीट पाहावे, असे मला कळकळीने वाटते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. येशूमागे चालणे म्हणजे रोज नेमके काय करायचे, हे मात्र त्यांनी इथल्या मातीत ठरवले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि पुण्याजवळच्या केडगावात त्यांना आसरा दिला. तिथे प्रार्थना होती, तसेच शेत होते, शाळा होती, छापखाना होता. टाकून दिलेल्या बायका तिथे छपाईचे खिळे जुळवायला शिकल्या. मला तर ही गोष्ट कुठल्याही प्रवचनाहून मोठी वाटते. उतारवयात बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून मुळावरून बायबल मराठीत आणले, तेही साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हे काम चालूच होते. एवढे मोठे काम प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही, हे खरे. पण संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत ज्याचे नाव घेता, त्या आजारी शेजाऱ्याकडे याच आठवड्यात जा. घरी काम करणाऱ्या मावशींचा पगार वेळेवर द्या. आणि ज्या भावाशी बोलणे टाकले आहे, त्याला आजच फोन करा.