प्रेरणेची झडती

आमच्या धर्मग्रामातील एका तरुण कवीची अलीकडेच चांगलीच झडती घेण्यात आली. सणाच्या नोव्हेनासाठी त्याने एक गीत रचले होते. छंद अभंगाचा, साथ टाळ-पखवाजाची. गायकवृंदाच्या बैठकीत गीताच्या शब्दांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. 'हे सुचले कोठून?' एवढेच विचारले गेले. त्याने प्रांजळपणे सांगितले की, डोंबिवलीहून कामावर जाताना सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळ असते, त्यांच्या शेजारी उभा राहून तो वर्षभर ऐकत आला आहे. रात्री तो तुकोबांची गाथा वाचतो आणि नामदेव ढसाळांच्या कविताही. झाले! 'सूर आपला नाही' असा शेरा मिळून गीत परत गेले. त्या बैठकीस मी हजर होतो आणि गप्प बसलो, म्हणूनच हे लिहिणे मला भाग आहे.

आपला सूर म्हणजे नेमका कोणता? त्याच बैठकीत मंजूर झालेल्या दोन गीतांच्या चाली सरळसरळ इंग्रजी गीतांच्या होत्या. मराठी शब्द त्यांत असे कोंबले होते की ऱ्हस्वाचे दीर्घ झाले तरी कोणाच्या कानाला खटकले नाही. साता समुद्रापलीकडचा सूर आपला आणि शेजारच्या बाकावरचा परका, हा हिशेब आपल्याला कोणी शिकवला?

फादर थॉमस स्टीफन्स यांनी तर खचित नाही. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! ओवी ज्ञानदेव-एकनाथांची, घाट पुराणाचा, आणि स्वर्गाला शब्द वैकुंठ. आज स्टीफन्स आमच्या बैठकीत आले असते, तर त्यांचीही झडती झाली असती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा हात सोडला नाही. ख्रिस्ताला त्यांनी अभंगातच आळवले. (टिळक आपल्या पंथाचे नव्हते, हे मला कोणी सांगावयास नको.) आणि १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्या म्हणून सांगितले, ते काय केवळ धर्मगुरूंनी पाठ करण्यासाठी?

श्रद्धेत भेसळ होईल, हे भय अगदीच खोटे नाही. मग शब्द तपासा, ओळ न् ओळ तपासा. तो आपला अधिकार आहे. परंतु कवीने काय ऐकावे, काय वाचावे, यावर पहारा बसवून श्रद्धा शुद्ध राहत नाही.

त्या तरुणालाही मी एक प्रश्न केला, 'ख्रिस्तपुराण वाचलेस का?' नाव ऐकले होते, इतकेच. त्याला मी काय बोलणार? सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान आम्ही इंग्रजीतून शिकलो. स्टीफन्सच्या ओव्या मी चाळिशी उलटल्यावर हाती घेतल्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. आपल्या किती घरांतून त्यांची वर्गणी जाते?

ते गीत मी त्याच्याकडून मागून घेतले आहे. पुढच्या बैठकीत मीच ते वाचून दाखवणार आहे. आधी शब्द, मग चाल.