दार कोणाचे उघडे?

अंमली पदार्थांच्या विळख्यातून सुटून घरी परतलेल्या माणसाची खरी परीक्षा रुग्णालयात होत नाही. ती त्याच्या घरात आणि आळीत होते. तो बाहेरून आला की कोणी नकळत त्याचे खिसे चाचपतो, कपाटाची किल्ली जागा बदलते, थोडा उशीर झाला तर साऱ्या घराची नजर त्याच्या डोळ्यांवर खिळते. शेजारी त्याचे नाव विसरतात आणि 'गर्दुल्ला' एवढेच ध्यानात ठेवतात. नोकरीसाठी गेल्यास मधल्या रिकाम्या महिन्यांचा हिशेब विचारला जातो. खरे सांगावे तर जागा जाते. खोटे सांगावे तर नव्या आयुष्याचा पायाच खोटा ठरतो.

हा संशय निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरातील दागिने गेले, ज्या मातेने शपथा ऐकल्या आणि मोडलेल्याही पाहिल्या, तिने सावध राहू नये असे कोण सांगेल? परंतु सावधगिरी निराळी आणि बहिष्कार निराळा.

हा भेद कायद्याने ओळखला आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यान्वये सेवन हा गुन्हा खरा; पण स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनग्रस्तास सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलमही त्याच कायद्यात आहे. कायद्याला जे उमगले ते सुशिक्षित समाजाला उमगू नये, हे शोचनीय होय.

ह्या बहिष्काराच्या भयाने घरे व्यसन लपवितात आणि उपचार लांबतात. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, बेकायदा अंमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते. उपचारकेंद्रे अपुरी आहेत हे खरेच. पण आहेत त्यांची पायरी चढण्याचीही लाज वाटते, हा दोष आपला आहे.

१९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. तेथे एकेकाळचे अनेक व्यसनग्रस्त आज समुपदेशक म्हणून नव्यांना आधार देतात. बाहेर ज्या भूतकाळामुळे माणूस नालायक ठरतो, तोच तेथे त्याची पात्रता ठरतो.

आपणांस एवढे मोठे काही करावयाचे नाही. कचेरीने उपचाराची रजा आजाराची रजा मानावी. पाय पुन्हा घसरला तर ते आजाराचे उलटणे समजून त्याला पुन्हा वैद्याकडे न्यावे. गणेशोत्सवात वर्गणीची पेटी त्याच्या हाती लगेच देऊ नये, हवे तर. पण आरतीला हाक अवश्य मारावी.

गर्द विकणाऱ्याचे दार त्याच्यासाठी अहोरात्र उघडे आहे. आपली दारे बंद राहिली तर तो कोठे जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.