मंगळ आणि उसाची ट्रॉली

मला मंगळ आहे. म्हणजे कुणाला सर्दी असते, कुणाला ॲसिडिटी असते, तसा मला मंगळ आहे. वय वर्षं अठ्ठावीस, मास कॉमची डिग्री, नोकरी नाही पण काम भरपूर, पैसे मात्र कधीच वेळेवर नाहीत. हे सगळं ऐकून घेईपर्यंत मुलाकडचे छान हसत असतात. पोहे खातात, चहा पितात. मग पत्रिका मागतात. आणि मग त्यांचा फोन लागत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर असंच एक जमत आलेलं स्थळ हातचं गेलं. मुलगा बरा होता. खरं सांगायचं तर बराच बरा होता. एफसी रोडवर तीनदा कॉफी झाली होती, तिसऱ्यांदा बिल कुणी भरायचं यावर भांडणही झालं होतं, म्हणजे गाडी योग्य रुळावर होती. चौथ्या कॉफीऐवजी मेसेज आला, 'घरचे ऐकत नाहीयेत.' मी 'ओके' लिहिलं, पुढे एक स्मायली टाकली आणि ढसाढसा रडले. दहा कोटी किलोमीटरवरच्या एका ग्रहाने माझा ब्रेकअप घडवून आणला होता, बॉस!

दहा कोटी हा आकडा तेव्हा मला माहीत नव्हता. तो कळला कोऱ्हाळे बुद्रुकला.

हे माझं आजोळ. बारामती-नीरा रस्त्यावरचं गाव, चहूकडे ऊस. २०२५ साली सव्वीस जानेवारी रविवारी आली होती, म्हणून शनिवारीच मी मामाकडे जाऊन थडकले. डोकं शांत व्हावं एवढाच हेतू. पण तिथे गेल्यावर बघते तर ओसरीत शेजारच्या काकू पत्रिका घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्यासमोर माझी मामेबहीण कपाळाला हात लावून.

'ताई, तूच समजाव गं यांना,' ती म्हणाली.

झालं होतं असं, की ही पोरगी बारामतीच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉमर्सवाल्यांनाही दुसऱ्या शाखेचा एखादा विषय घ्यावा लागतो. हिने यादीतून घेतली खगोलशास्त्राची ओळख, दोन क्रेडिट्सची. का? तर त्या तासानंतर लगेच एस.टी. मिळते म्हणून. (मी मास कॉम का घेतलं याचं उत्तर यापेक्षा फार उदात्त नाही. बारावीच्या फिजिक्सच्या न्यूमरिकल्सना घाबरून घेतलं.) पण 'ॲस्ट्रॉनॉमी' हा शब्द गावात पोचेपर्यंत 'ॲस्ट्रॉलॉजी' झाला होता. पोरगी ज्योतिष शिकतीय, तेही कॉलेजात! मग काय, पत्रिकांची रीघ.

काकूंना कसंबसं वाटेला लावल्यावर मी विचारलं, 'मग शिकवतात काय तुम्हाला? ब्लॅक होल वगैरे?'

'छ्या! कोन मोजायला लावतात.'

माझा निम्मा इंटरेस्ट तिथेच गेला. पण रात्री आठला तिने मला गच्चीवर ओढलं, कारण असाइनमेंट पूर्ण करायची होती. साहित्य असं: कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली नारळपाण्याची स्ट्रॉ, आणि मधल्या भोकातून सोडलेला दोरा, त्याला लोखंडी नट. गवंड्याचा ओळंबाच, फक्त खिशात मावणारा. स्ट्रॉमधून ध्रुवतारा बघायचा आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती अंश सरकला ते दुसऱ्याने वाचायचं. दुसरी म्हणजे मी.

आता ध्रुव शोधा. मला वाटायचं तो आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. अजिबात नाही. चांगला मिणमिणता आहे. सप्तर्षी अजून वर आले नव्हते, म्हणून तिने वायव्येकडच्या शर्मिष्ठेच्या इंग्रजी 'डब्ल्यू'वरून तो काढून दाखवला. लग्नात नवरा-नवरीला ध्रुव दाखवतात ना? मी आजवर ज्या ज्या लग्नांत तो बघितलाय, तिथे तो मंगल कार्यालयाच्या पीओपीच्या छतात होता. सगळे वर बघून मान हलवतात आणि जेवायला जातात.

आम्ही पाच रीडिंग्ज घेतली. १६, १९, २१, १८, १७. मला वाटलं, गेलं, चुकलं सगळं. ती म्हणाली, 'चुकणारच. म्हणून तर पाच घ्यायची.' सरासरी आली १८.२. मग तिने मोबाइलवर नकाशा उघडला. कोऱ्हाळे बुद्रुकचा अक्षांश: १८ अंशांच्या किंचित वर.

दोन मिनिटं मी गप्प. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश, हे पाचवीच्या भूगोलात पाठ केलं होतं. पण दोन रुपयांच्या स्ट्रॉने, एका गच्चीवरून, आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते स्वतः मोजता येतं? सॉलिड! आणि गंमत म्हणजे ज्याला आपण अढळ म्हणतो तो ध्रुवही कायमचा अढळ नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, एका फेरीला जवळपास २६,००० वर्षं लागतात. पाचेक हजार वर्षांपूर्वी ध्रुवाच्या जागी ठुबान नावाचा वेगळाच तारा होता.

एवढ्यात मामा वर आले. ते काही शिकलेले नाहीत, पण थंडीत रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देण्यात त्यांचा जन्म गेला. 'आमच्याकडं कुटं घड्याळ व्हतं?' मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांकडे बोट करत ते म्हणाले. 'ते तिकांडं मावळाय आलं की समजायचं, पहाट झाली.' आणि मग पूर्वेकडे वळून, अगदी सहज, 'आन् त्यो बघ तुझा मंगळ.'

उसाच्या शेंड्यांच्या बऱ्याच वर, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, तांबूस, न लुकलुकणारा, एक ठिपका. पत्रिकेत अठ्ठावीस वर्षं बसलेला माणूस मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते.

तो त्या महिन्यात पृथ्वीच्या जवळ होता, साधारण २६ महिन्यांनी येतो तसा. जवळ म्हणजे ते दहा कोटी किलोमीटर. बहिणीने वहीत त्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी ताऱ्यांच्या संदर्भात टिपून ठेवली होती आणि तो चक्क उलटा, पश्चिमेकडे सरकत होता. 'वक्री!' मी घाबरून म्हटलं. तिने विचारलं, 'तू नीरेहून एस.टी.ने आलीस ना? वाटेत उसाच्या ट्रॉल्या ओव्हरटेक केल्या ना? खिडकीतून ट्रॉली मागे जाताना दिसली. ती मागे जात होती का?' पृथ्वी आतल्या कक्षेत, जोरात धावते. मंगळाला सूर्याभोवती एका फेरीला ६८७ दिवस लागतात. आपण त्याला ओव्हरटेक करतो तेव्हा तो मागे जाताना दिसतो. संपला फंडा. वक्री मंगळ म्हणजे खिडकीतून दिसणारी ट्रॉली.

ट्रॉलीचा विषय निघाल्यावर ती कॉमर्सवाली पेटलीच. न्यूटनचं सूत्र, मोबाइलचा कॅल्क्युलेटर, मंगळाचं वस्तुमान, अंतर. खाली रस्त्यावरून गाणी वाजवत कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर जात होता. उसासकट १५ टन धरू, ती म्हणाली. गणित दोनदा केलं. ५० फुटांवरून जाणारी भरलेली ट्रॉली आपल्याला जितकं ओढते, जवळजवळ तितकंच त्या रात्रीचा मंगळ ओढत होता. आणि मंगळ सूर्याच्या पलीकडे, चाळीस कोटी किलोमीटरवर गेला की ही ओढ सोळाव्या हिश्शावर येते.

म्हणजे माझं लग्न मोडायला एक ट्रॉली पुरेशी होती. आणि सीझनमध्ये या रस्त्यावरून दिवसाला किती जातात!

कुणी म्हणेल, गुरुत्वाकर्षणाचं बोलतंय कोण, हा प्रभाव वेगळाच असतो. ठीक. मग तो मोजून बघू या, असं पुण्यात खरंच झालंय. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ यांनी २०० पत्रिका जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, ओळखा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली. निकाल नाणेफेकीपेक्षा सरस नव्हता. 'करंट सायन्स'मध्ये २००९ साली तो छापूनही आला. बहिणीला हा किस्सा वर्गात सांगितला होता.

त्यातच तिने आणखी एक हिशेब टाकला. पत्रिकेत घरं बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की दोष. बारापैकी पाच. म्हणजे जवळपास ४२ टक्के जनता! अपवाद, परिहार वगैरे असतात म्हणे, पण तरी माझ्या 'दुर्मीळ दोषा'ची सगळी ऐट उतरली.

खरं तर विद्यापीठांचाही या बाबतीत घोळ आहेच. २००१ मध्ये यूजीसीने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००४ मध्ये याचिका फेटाळली गेली. २०२१ पासून इग्नूमध्ये ज्योतिषात एम.ए. करता येतं. म्हणजे काकूंचा गोंधळ अगदीच अडाणी नव्हता. फरक मला त्या गच्चीवर कळला तो एवढाच: एका वर्गात पाच रीडिंग्ज घेतात, चुका वहीत लिहितात आणि मग शेजारच्या नकाशाशी ताडून बघतात. 'कशावरून?' विचारलेलं तिथे कुणाला उद्धट वाटत नाही. दोन क्रेडिट्समध्ये कुणी शास्त्रज्ञ होत नाही. पण अठरा वर्षांच्या मुलीला 'कशावरून?' विचारायची सवय लागते. अठ्ठाविसाव्या वर्षी मला तीच लागायची राहिली होती. त्या मुलाने 'घरचे ऐकत नाहीयेत' लिहिलं, तेव्हा मी स्मायली पाठवली. 'आणि तू?' असं विचारलंच नाही.

खाली उतरताना मामा म्हणाले, 'ह्याचा उपेग काय पन? नोकरी लागती का?'

बहीण म्हणाली, 'नाही लागत, दादा. पण मला स्थळ आलं ना, तर पत्रिका द्यायची नाही आपण.'

मामा काही बोलले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

फेब्रुवारीत माझ्यासाठी नवं स्थळ आलं. मुलाच्या आत्यांचा फोन मीच घेतला. फोटो पाठवते, माझे लेख पाठवते, मुलाला भेटायलाही आवडेल, पण पत्रिका देणार नाही, असं शांतपणे सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. पुन्हा आला नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

(मे महिन्याच्या २० तारखेला नारळीकर गेले. तेव्हा कोऱ्हाळ्याहून मेसेज आला, 'ताई, ते नाणेफेकवाले सर गेले गं.' दोन क्रेडिट्स कुठे गेले ते मला कळलं.)

तर आईचं सांगत होते. तिसऱ्या दिवशी रात्रीची भांडी आवरून ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. 'तो तुझा मंगळ आपल्या गच्चीवरून दिसतो का गं?'

आम्ही वर गेलो. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, समोरच्या टॉवरचे पांढरे भगभगीत दिवे. पुण्यात तारे दिसणं कठीणच. पण तो होता. जवळजवळ डोक्यावर, तांबूस. मी बोट करून दाखवला.

आई पदर सावरत बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'एवढासाच आहे होय?'